गुजरीतला कोल्हापुरी साज: एकवीस पानं एकदम घेऊ नका

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला साज, म्हणजे सोन्याच्या पानांचा गळ्यातला दागिना, करायचा, ही कोल्हापूरची रीत बाहेरून येऊन इथं स्थायिक झालेली मंडळीही आता उचलतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, नाहीतर शिवाजी विद्यापीठात नोकरीला आलेलं जोडपं चार-पाच वर्षांत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला सरावतं, रंकाळ्यावरच्या फेऱ्या अंगवळणी पडतात, आणि एखाद्या वाढदिवसाला पाय गुजरीकडं, म्हणजे सराफांच्या पेठेकडं, वळतात. अडचण अशी, की सासरी-माहेरी कुणाकडंच साज नसतो, त्यामुळं विचारायचं कुणाला तेच कळत नाही. दुकानात मात्र तयार साजांचे ट्रे मांडलेलेच असतात. त्यातला एक अर्ध्या तासात घेऊन बाहेर पडणं सगळ्यात सोपं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

आमचं मत आधीच सांगतो. दागिना म्हणून कोल्हापुरी साजाला पाचपैकी साडेचार. पुढं मोडायची वेळ आली तर हातात काय येतं, या हिशोबानं अडीच. आणि गुजरीतल्या सेवेला साडेतीन. त्यातही अर्धा गुण पटवेकऱ्याचा, म्हणजे साज रेशमात ओवून देणाऱ्याचा.

साज म्हणजे सोन्याची पानं आणि त्यांच्यामधे जवाच्या आकाराचे पोकळ जवमणी, तारेत किंवा रेशमात ओवलेले. पारंपरिक साज एकवीस पानांचा. दहा पानं दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन पानड्या माणिक आणि पाचूच्या आणि एक मधलं डोरलं, असा हिशोब सांगितला जातो. प्रत्यक्षात चंद्र, कमळ, बेलपान, शंख, नाग, मासा, कासव, भुंगा, कारलं, वाघनख अशी पानं दिसतात आणि त्यांचा क्रम दुकानागणिक बदलतो. ‘हाच खरा क्रम’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर मान डोलवा आणि पुढं चला. इकडं साज सौभाग्याचा दागिना मानतात, मंगळसूत्राच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजीही घालतात. म्हणून तर वाढदिवसाला तो शोभतो. नुसता हार द्यायचा तर मोहनमाळ आहे, बोरमाळ आहे, पुतळीमाळ आहे.

आता मुख्य गोष्ट, लाख. साजाचं पान भरीव नसतं. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून नक्षी उठवतात, मागून दुसरा पत्रा झाळून, म्हणजे धातूच्या डाकानं जोडून, बसवतात आणि आतल्या पोकळीत लाख भरतात. लाखेमुळं पातळ पत्र्याला आधार मिळतो आणि कमी सोन्यात पान भरदार दिसतं. यात फसवणूक नाही, ही घडणच तशी आहे. फसवणूक होते ती वजनकाट्यावर. लाखेसकट आणि खड्यांसकट वजन एक, निव्वळ सोन्याचं वजन दुसरं. बिलात दोन्ही वेगळी लिहून घ्यायची.

आकड्यांत बघू. हिशोबाला सोपा म्हणून भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरा. दुकानात त्या दिवसाचा लावा. साजाचं एकूण वजन 24 ग्रॅम, त्यात लाख आणि खडे मिळून 4.5 ग्रॅम, म्हणजे सोनं 19.5 ग्रॅम. सोन्याचे झाले 1,95,000. घडणावळ 15 टक्के धरली तर 29,250. बेरीज 2,24,250, त्यावर 3 टक्के जीएसटी 6,727.50, एकूण 2,30,977.50. हॉलमार्कचे नगाला 45 रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. आता हाच साज कुणी 24 ग्रॅम सोनं धरून लावला, तर साडेचार ग्रॅमचे 45,000, त्यावर घडणावळ, त्यावर कर, असे मिळून त्रेपन्न हजारांवर जास्तीचे जातात. लाख लाखाच्या भावात विकली जाते ती अशी. पानं ओवण्याआधी लाखेचं वजन किती धरलं हे कारागिराला माहीत असतं, कारण भरण्याआधी आणि भरल्यानंतर तो वजन करतो. ‘ते कसं सांगणार, वहिनी’ हे उत्तर ग्राह्य नाही.

घडणावळ टक्क्यांत सांगतात, ग्रॅममागं रुपयांत सांगतात, कधी कधी ‘घट’ म्हणून सोन्याच्या वजनातच मिसळतात. तिन्ही प्रकार वेगवेगळ्या दुकानांत ऐकून आलात तर तुलना होणार नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा साज, हे निव्वळ वजन, आजच्या भावानं करासकट हातात पडेपर्यंत किती? साजाची घडणावळ साध्या साखळीपेक्षा जास्त असतेच. प्रत्येक पान ठोकायचं, झाळायचं, भरायचं, पॉलिश करायचं आणि मग सगळं ओवायचं. इथं घासाघीस करायला हरकत नाही, पण फारच स्वस्त घडणावळ मिळाली तर पत्रा किती पातळ वापरलाय ते आधी बघा. पान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. चांगलं भरलेलं पान दगडासारखं लागतं. दबून परत फुगलं तर आत लाख अपुरी आहे. अशा पानाला वर्षभरात पोचा पडतो, आणि पोचा पडलेल्या पानाची नक्षी पुन्हा तशी कधी उठत नाही. पान उलटं करून मागचा पत्राही बघा. झाळ कडेनं सलग हवी. फट असेल तर तिथून लाखेचा चुरा गळतो आणि ब्लाऊजवर तपकिरी कण दिसायला लागतात.

हॉलमार्कबद्दल लोकांना निम्मंच माहीत असतं. 1 एप्रिल 2023 पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या सोन्याच्या दागिन्यावर तीन खुणा लागतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (साजासाठी बहुतेक 22 कॅरेट, 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, दुकानदाराची नोंदणी आणि हॉलमार्क केंद्र दिसतं. प्रकार नीट वाचा. हातात गळ्यातला दागिना आणि ॲपमध्ये अंगठी, असं असेल तर तिथंच थांबा. बिलात दागिन्याचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च लिहिलेला हवा. पुढं शुद्धता खुणेपेक्षा कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर शुद्धतेच्या तुटीमुळं जो फरक येतो त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क बीआयएसच्या 2018 च्या नियमांनी ग्राहकाला दिलाय. कच्च्या चिठ्ठीवर साज घेणाऱ्याला हा हक्क वापरताच येत नाही. दोन लाख किंवा त्यापुढची रक्कम रोख घेता येत नाही, आणि दोन लाखांपुढच्या खरेदीला पॅन लागतं. दोन तोळ्यांचा साज आता सहज तिथं पोचतो, तेव्हा कार्ड बरोबर ठेवा. (तोळा म्हणजे काउंटरवर 10 ग्रॅम. आजी म्हणते तो तोळा 11.66 ग्रॅमचा होता. जुन्या याद्या वाचताना हा घोळ हमखास होतो.)

आता नावातल्या सल्ल्याकडं येऊ. पहिल्याच वर्षी एकवीस पानं घेऊ नका. अकरा घ्या: मधलं डोरलं आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच. साज हा ओवलेला दागिना आहे, त्यामुळं तो उघडून वाढवता येतो. साखळी-पेंडंटला हे जमत नाही. दर वाढदिवसाला पानांची एक जोडी घातली की पाच वर्षांत एकवीस होतात, एक वर्ष सोडून घातली तर दहा वर्षांत. एकेक पान वाढवायला जाऊ नका. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला पाच झाली की वजन सरकतं आणि डोरलं गळ्यात मधोमध राहत नाही, सारखं खांद्याकडं जातं.

पण हे जमायचं तर सुरुवातीलाच चार गोष्टी कारागिराला सांगाव्या लागतात. एक म्हणजे मण्यांचं अंतर. पहिल्या वर्षी दोन पानांमधे तीन-तीन जवमणी घ्या. पुढं पानं वाढतील तसे मधले मणी काढून मागं सरकवायचे, म्हणजे साजाची लांबी तीच राहते. पहिल्यापासून एकेक मणी घालून दाट ओवला, तर पानं वाढतील तसा साज लांबत जाईल आणि गळ्यालगतचा दागिना छातीवर येईल. दुसरं, ठशाची नोंद. पाच वर्षांनी त्याच मापाचं कासव मिळेल याची खात्री नसते, ठसे झिजतात, बदलतात, कारागीर दुकान सोडतात. म्हणून प्रत्येक पानाचा पुढून-मागून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि प्रत्येक पानाचं वजन मिलिग्रॅमपर्यंत लिहून ठेवा. पुढं कुठली पानं घालायची हे पहिल्याच दिवशी ठरवलंत तर आणखी बरं. तिसरं, सोन्याचा रंग. 22 कॅरेटमध्ये हजारातले 916 भाग सोनं आणि 84 भाग इतर धातू. त्यात तांबं जास्त असेल तर लालसर छटा येते, चांदी जास्त असेल तर फिकट पिवळी. दोन दुकानांतली दोन्ही 916 पानं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. नवं पान घ्यायला जाताना जुना साज बरोबर न्या आणि उन्हात लावून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच सारखं दिसतं.

चौथी गोष्ट तार की रेशीम. तयार साज बरेचदा सोन्याच्या तारेत येतात, दिसतात नेटके. पण तारेचा साज वाढवायचा म्हणजे कड्या उघडायच्या, पुन्हा वळायच्या, आणि दोन-तीनदा वाकवलेली तार तिथंच तुटते. तिथं झाळ मारावी म्हटलं तर शेजारच्या पानातली लाख उष्णतेनं पातळ होऊन बाहेर येते. लाख भरलेल्या दागिन्याला आच लावायची तर आधी लाख काढावी लागते, हे ‘पाच मिनिटांत जोडून देतो’ म्हणणारा सांगत नाही. रेशमात ओवलेला साज पटवेकरी उघडतो, नवी पानं घालतो, पुन्हा गाठवतो. आगीचा संबंधच नाही. वाढता साज हवा असेल तर रेशीमच घ्या.

पटवेकऱ्याचं काम बघण्यासारखं आहे. पायाच्या अंगठ्याला किंवा खिळ्याला दोरा अडकवून तो ताण सांभाळत गाठी मारतो, मागं जरीचा गोंडा आणि सरकगाठ करतो. या सरकगाठीमुळं तोच साज काठापदराच्या साडीवर वर आणि खोल गळ्याच्या ब्लाऊजवर खाली घेता येतो. साज तयार घेतलात तरी पटवेकऱ्याकडं एकदा जाऊन गाठी तपासून घ्या. पोकळ जवमण्यांच्या भोकाच्या कडा धारदार राहिल्या असतील तर त्या रेशीम कापतात. साज तुटण्याचं कारण बहुतेक वेळा घाम नसतो, या कडा असतात. बोटानं कडा खरखरीत लागल्या तर ओवायच्या आधी घासून घ्यायला सांगा. लांबीचं माप घ्यायचं ते जो ब्लाऊज घालणार त्याच्यावर, सुती दोऱ्यानं, बसून. उभ्यानं घेतलेलं माप बसल्यावर वर चढतं.

पानं एकेक जोडीनं घेताना हॉलमार्कचा एक मुद्दा निसटतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, आणि सुटं पान अनेकदा त्याच्या आतच बसतं. म्हणजे मूळ साज हॉलमार्कचा, आणि नंतर घातलेली दहा पानं शब्दावर. दुकानदार ओळखीचा असला तरी पानं बीआयएसमान्य तपासणी केंद्रात नेऊन तपासा. ग्राहकाला चार नगांपर्यंत 200 रुपये शुल्क आहे, जोडीचं काम त्यात भागतं. ओवण्याआधी तपासा, ओवल्यावर पुन्हा उघडावं लागतं.

जुनं सोनं देऊन साज करणार असाल, म्हणजे मोड घालणार असाल, तर एवढंच: आटवण्याआधी आणि आटवल्यानंतर वजन डोळ्यांसमोर करून घ्या, शुद्धता मशीनवर बघा, आणि तुमच्याच सोन्याचा दागिना करून देत असतील तर कर फक्त घडणावळीवर, 5 टक्के, लागतो. आईच्या पाटल्या मोडून साज करायचा की नाही, हे दोन्ही घरच्यांना विचारून ठरवा. त्याचा हिशोब वजनकाट्यावर होत नाही.

उलट बाजूही आहे. हाच साज पुढं कधी मोडीत घातला तर घडणावळ गेली, कर गेला, लाख-खडे वजा झाले, आणि इतक्या झाळांमुळं आटवलेल्या सोन्याची शुद्धता थोडी खाली येऊ शकते. गुंतवणूक म्हणून सोनं हवं असेल तर नाणं घ्या. वरचे अडीच गुण याच कारणानं.

माणिक-पाचूच्या पानड्यांत बहुतेक ठिकाणी रंगीत खडेच असतात, तसं दुकानदार विचारल्यावर सांगतोही. खऱ्या रत्नाचे पैसे मागितले तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा, नाहीतर खड्यांना खड्यांचाच भाव द्या.

सोनं परवडत नसेल तर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला साज हा मान राखणारा पर्याय आहे. चांदीकामाची हुपरी जवळच असल्यानं कोल्हापुरात तो चांगला मिळतो. पाणी मानेच्या मागं आणि डोरल्याच्या पाठीवर आधी उडतं, घाम आणि अत्तरामुळं. दोन-तीन वर्षांनी पुन्हा चढवून घ्यावं लागतं. महाद्वार रोडवरचे ‘एक ग्रॅम’वाले साज हळदी-कुंकवाला किंवा फोटोला ठीक, वाढदिवसाची भेट म्हणून नकोत. त्यापेक्षा चप्पल लाइनमध्ये दोघांच्या पायाच्या मापानं एकाच कातड्याच्या दोन जोड्या करून घ्या. ती भेट निदान रोज वापरात राहते. माप संध्याकाळी द्यायचं, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. आणि नवी जोडी आठवडाभर एरंडेल लावून थोडी थोडी घालायची.

साज करायला टाकला की साधारण आठ ते पंधरा दिवस धरा, लग्नसराईत आणि दिवाळीआधी त्याहून जास्त. वाढदिवस तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत येत असेल तर महिनाभर आधी टाका. आगाऊ रकमेच्या पावतीवर भाव आजचा की तयार होईल त्या दिवसाचा, हे लिहून घ्या. वाद सगळ्यात जास्त यावरच होतात. अकरा हप्ते भरा, बारावा आमचा, अशा योजनेत पैसे गुंतवायचे असतील तर घडणावळीवर सूट मिळते की सोन्यावर, ते आधी वाचा.

नवा साज आधी अंबाबाईच्या पायाशी ठेवायचा, मग गळ्यात घालायचा, असं बरेच जण करतात. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक-बदाम, हळद-कुंकू, बांगड्या आणि वेणी लागते, महाद्वारात सगळं मिळतं. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळा. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीला किरणोत्सव असतो, तेव्हाही गर्दी. सकाळी लवकर गेलात तर शांतपणे दर्शन होतं. साज डबीतून न्या, गर्दीत गळ्यात घालून जाऊ नका.

घरी आल्यावरची काळजी. आंघोळीला साज काढायचा. गरम पाण्यानं लाख मऊ होते आणि साबण गाठींत बसतो. चुलीपाशी, गॅसपाशी वाकून काम करताना लोंबू द्यायचा नाही. धुवायची वेळ आली तर ओल्या मऊ फडक्यानं पुसून लगेच कोरडा करा, पाण्यात बुडवू नका, आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर अजिबात टाकू देऊ नका. दारावर येऊन उजाळा देतो म्हणणाऱ्याला तेजाब वापरायला बंदी कोण घालणार. त्याच्या भांड्यात सोनं विरघळून राहतं, तुमच्या हातात चकाकी येते. उजाळ्याला साज गुजरीतच न्यायचा, आधी वजन, नंतर वजन. ठेवताना सपाट डबीत, पानं एकमेकांवर न येता, मऊ कापडात. नथ किंवा ठुशी त्याच डबीत टाकली की त्यांच्या तारा साजाच्या रेशमात अडकतात.

रेशीम दर वाढदिवसाला बदलून घ्या, नवी पानं घालायची असोत वा नसोत. जुना दोरा, बिल, पानांच्या वजनाची यादी आणि फोटो एका पाकिटात ठेवा. पुढच्या वर्षी जोडी घालायला जाल तेव्हा कारागीर पहिल्यांदा तेच मागेल.